नायगावला पुरशाला

गुरुवारी फजरच्या सुमाराला फोन आला. छोट्या मामूंचा आवाज होता. त्यांनी फक्त "इन्ना लिल्लाह" एवढंच म्हटलं आणि थांबले. आमच्या घरात त्यापुढं काही विचारावं लागत नाही. कोण, एवढंच विचारायचं असतं. खालू गेले होते.

जोहरनंतर माती होती. पुण्याहून नायगाव काही जवळ नाही. मय्यत थांबवून ठेवायची नाही हे आम्हालाही कळतं, म्हणून कोणी आमची वाट पाहावी असं म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. रात्रीच्या रेल्वेत बसलो तेव्हा खालूंना कब्रीत उतरवून कितीतरी तास झाले होते. आम्ही दोघं आणि आमची लेक. नायगावला जाऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. "येतो, येतो" म्हणण्यात ती गेली. हे सांगायला लाज वाटते, पण पुढं जे सांगायचं आहे ते याच्याशिवाय कळणार नाही.

नांदेडला सकाळी उतरलो आणि देगलूरच्या बसमध्ये बसलो. हा जुना हैदराबादचा रस्ता. कहाळा, कृष्णूरची एमआयडीसी, घुंगराळा, आणि सुमारे ५० किलोमीटरवर नायगाव. दोन्ही बाजूंना काळी रानं, सोयाबीन निघून गेलेलं, कुठं कुठं कापूस उभा. मागच्या बाकावर एक कुटुंब तेलुगू बोलत होतं, कंडक्टर मराठीत सुटे मागत होता, आणि आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "मट्टी कू गये थे, अब्बी आ रहे." मातीला जाणं हा शब्द इथं सगळ्यांचा आहे. मराठी माणूस "मातीला चाललो" म्हणतो, आपण "मट्टी कू जाना" म्हणतो. जे दहन करतात तेही मातीलाच जातात. मागे पुण्यात एका ओळखीच्या बाईंना आम्ही "मातीला गेलो होतो" असं म्हणालो, तर त्यांना वाटलं शेतातली माती आणायला गेलो होतो.

नायगावच्या चौकात उतरल्यावर आधी खालूच दिसले. फ्लेक्सवर. खालू जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावाला ते गुरुजीच होते. जुन्या विद्यार्थ्यांनी रातोरात फ्लेक्स लावला होता. वर "भावपूर्ण श्रद्धांजली", मधे खालूंचा टोपीतला फोटो, आणि नावाच्या आधी मोठ्या अक्षरांत "पैगंबरवासी".

आम्हाला त्या अवस्थेतही हसू आलं, कारण या शब्दाशी खालूंचं जुनं भांडण होतं. लग्नपत्रिकेत वारलेल्या आजोबांच्या नावाआधी हा शब्द छापून आला की ते म्हणायचे, कैलासवासी आणि वैकुंठवासी यांच्या जोडीला काहीतरी पाहिजे म्हणून कुणा प्रेसवाल्यानं पैगंबरांचं एक गाव वसवलं आणि आपल्या सगळ्यांना तिथं राहायला पाठवलं. त्यांना "मर्हूम" हा शब्द आवडायचा. मर्हूम म्हणजे ज्याच्यावर रहम झाला तो. त्यात पत्ता नाही, दुआ आहे. पण विद्यार्थ्यांनी फ्लेक्स प्रेमानं लावला होता आणि मराठीत तो शब्द रूढ आहे. खालूंनी शुद्धलेखन तेवढं तपासलं असतं.

मरणाच्या शब्दांत नायगावच्या भागाइतकं श्रीमंत गाव-शिवार आम्ही दुसरं पाहिलेलं नाही. एकाच गल्लीत वारकऱ्याच्या घरी माणूस वैकुंठवासी होतो. लिंगायताच्या घरी तो लिंगैक्य होतो. बौद्धांच्या पत्रिकेत नावाआधी कालकथित असतं आणि नंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. ख्रिस्ती कुटुंब असेल तर ख्रिस्तवासी. नांदेड शहरात, जिथं १७०८ साली गुरु गोविंदसिंगांचा अखेरचा मुक्काम झाला, तिथली शीख मंडळी अकाल चलाणा म्हणतात. आणि तलाठ्याच्या कागदावर हे सगळेजण एकच होतात: मयत. मयताचे नाव, मयताचे वारस, मयत झाल्याची तारीख. शब्द अरबी, मय्यत. कितीतरी पिढ्यांपासून तो कचेरीतल्या मराठीत असा मुरला आहे की लिहिणाऱ्यालाही तो परका वाटत नाही.

इंतकाल या शब्दाचीही अशीच गंमत आहे. आपण म्हणतो खालूंचा इंतकाल झाला. मूळ अरबीत त्याचा अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं, एवढाच. पंजाबकडे जमिनीचा फेरफार होतो त्यालाही इंतकालच म्हणतात. म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते आणि माणूस एका घरातून दुसऱ्या घरात, दोन्हींना एक शब्द. खालूंच्या वडिलांच्या शेताचे कागद उर्दूत आहेत, निजामाच्या वेळचे, १९४८ च्या आधीचे. पेटीत ठेवलेले. ते वाचू शकणारे घरातले शेवटचे माणूस खालूच होते.

घरात शिरलो. ओसरीवर सतरंज्या, पुरुष मंडळी बसलेली. आतल्या खोलीत खाला. पांढरी ओढणी, हातात बांगड्या नाहीत. भिंतीला टेकून बसलेली. आम्ही जाऊन गळ्यात पडलो. आम्ही रडलो, ती रडली नाही.

आम्हाला जे म्हणता येतं ते आम्ही म्हणालो. सब्र करो. अल्लाह की मर्जी. अल्लाह मगफिरत फर्माए. शब्द सगळे बरोबर होते. खालानं मान हलवली. आमच्या आधी आलेल्यांनाही तिनं तशीच मान हलवली असणार. मामींनी हळूच सांगितलं, कालपासून एक शब्द बोललेली नाही. पाणी दिलं तर पिते, वजूला उठवलं तर उठते.

आमची लेक दाराशीच उभी राहिली होती. ती पुण्यात मराठी शाळेत शिकली, घरी आम्ही मराठी-दखनी मिसळून बोलतो, पण दखनीतलं शोकाचं बोलणं तिच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं. नंतर ती आम्हाला म्हणाली, "अम्मी, मला काय म्हणायचं तेच माहीत नव्हतं. स्पॅनिशमध्ये माहीत होतं."

हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. ती ज्या कंपनीत काम करते तिचं काम मेक्सिकोशी चालतं. स्पॅनिश ती नोकरीसाठीच शिकली. महिन्यापूर्वी तिथल्या एका सहकारी बाईंचे वडील वारले, तेव्हा काय लिहायचं म्हणून तिनं दोन दिवस शोकाचे शब्द गोळा केले होते. त्या रात्री, सगळे झोपल्यावर, अंगणात खाटेवर बसून तिनं ते आम्हाला सांगितले.

स्पॅनिशमध्ये सांत्वनाच्या निरोपाला "पेसामे" म्हणतात. "मे पेसा" म्हणजे मला भार होतो, माझ्यावर वजन पडलंय. त्या दोन शब्दांचा मिळून एक शब्द झाला आणि तो लोक एकमेकांना देतात. आपण पुरसा देतो तसं ते पेसामे देतात. दुसरी एक रीत आहे: तुझ्या भावनेत मी तुझ्या सोबत आहे, असं म्हणायचं. सुतकाच्या काळ्या कपड्यांना "लुतो". काळा पोशाख एकदम टाकायचा नाही, आधी थोडा हलका रंग, मग अजून हलका, आणि त्या हलक्या रंगाच्या दिवसांना "लुतोचा उतार" अशा अर्थाचं नावसुद्धा आहे. आणि "दुएलो" हा शब्द तर दोन अर्थांचा: शोक आणि दोघांची झुंज. दोन वेगळे लॅटिन शब्द झिजत झिजत एकसारखे झाले.

मग ती म्हणाली, "आणि शवपेटीला काय म्हणतात माहितेय? अताउद."

ह्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. अताउद. अत्ताबूत. ताबूत!

स्पेनमध्ये ७११ साली मुसलमान गेले आणि १४९२ साली गरनाता, म्हणजे ग्रॅनाडा, हातचं गेलं. मधल्या जवळजवळ आठशे वर्षांत अरबीचे कितीतरी शब्द त्या भाषेत राहिले. "असं होवो" म्हणायला ते आजही "ओहाला" म्हणतात, त्यातला शेवट अल्लाहच्या नावाचा आहे, म्हणणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. ताबूत त्यांच्याकडे शवपेटी होऊन राहिला. कुरआनात सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या आईला बाळ ज्या पेटीत ठेवून नदीत सोडायला सांगितलं, त्या पेटीलाही ताबूतच म्हटलं आहे. आणि आमच्या नायगावकडे ताबूत म्हणजे मोहरमचा. कागदाचा, बेगडाचा, कारागिरानं रात्र रात्र जागून केलेला. मराठीत तर एखाद्याचा जोर ओसरला की ताबूत थंडे झाले म्हणतात. बाळाची पेटी, मेलेल्याची पेटी, कागदाची पेटी.

मोहरमचं म्हणाल तर दुःख गाण्याची आपली भाषा या मराठवाड्यातच घडली असं म्हणायला जागा आहे. अंबडच्या बियाबानी घराण्यातल्या शाह अशरफ बियाबानी यांनी १५०३ साली करबलावर "नवसरहार" हे दीर्घकाव्य दखनीत रचलं. नऊ सरांचा हार. दखनीतल्या करबलाच्या सगळ्यात जुन्या काव्यांत ते मोजलं जातं. अंबड आज जालना जिल्ह्यात आहे. आणि मोहरमच्या दिवसांत सवाऱ्यांपुढं गायल्या जाणाऱ्या रिवायती मराठवाड्यात, सोलापूरकडे मराठीतसुद्धा आहेत, त्या गाणाऱ्यांत हिंदूही असतात. खालूंना अशा काही पाठ होत्या. आम्ही लिहून घ्यायच्या राहिल्या.

शनिवारी तिसरा दिवस. आपल्याकडे त्याला जियारत म्हणतात, कुणी सोयम म्हणतं. सोयम फारसीतला तिसरा, तसाच चेहलम म्हणजे चाळिसावा. यावरून घरात सकाळी थोडी कुरबूर झाली. एका तरुण भाच्याचं म्हणणं, दिवस ठरवून जेवणावळ घालणं दीनमध्ये नाही. मामूंचं म्हणणं, लोक येणार ते उपाशी कसे जातील. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आम्हाला एवढंच माहीत आहे की मुअतच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी इतरांनी जेवण करावं असं सांगितलं होतं. आणि नायगावच्या गल्लीनं हे न वाचता पाळलं. आम्ही आलो त्या दिवसापासून चूल पेटलीच नव्हती. सकाळी पाटलांकडून पिठलं-भाकरी, दुपारी मामींच्या माहेरून खिचडी-खट्टा, रात्री समोरच्या किराणावाल्याकडून वरण-भात. डबे कुणाचे कुठले हे लक्षात ठेवायचं काम आमच्याकडं आलं.

खाला अजून बोलली नव्हती. मामू घाबरले होते. डॉक्टरांना बोलवावं का, अशी चर्चा सुरू झाली. एक दूरच्या नातेवाईक बाई म्हणाल्या, रडवा तिला, नाहीतर आत साचेल. दुसऱ्या म्हणाल्या, रडणं बरं नाही, सब्र हवा. हा गैरसमज आपल्या घरांतून कधी जाणार कोण जाणे. मुलगा इब्राहीम हातात वारला तेव्हा प्रेषितांच्या (स.) डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि डोळे भरतात, मन दुखतं, हे त्यांनी स्वतः सांगितलं. मनाई आहे ती ऊर बडवण्याला, कपडे फाडण्याला. हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला आपल्या इतिहासात नावच आम-उल-हुज्न आहे, दुःखाचं साल. ज्या उम्मतनं एका वर्षाला असं नाव दिलं तिनं बाईला रडू नको म्हणावं? सब्र म्हणजे स्वतःला आवरून धरणं. तोच शब्द मराठीत सबुरी होऊन शिर्डीच्या भिंतींवरही लिहिलेला आहे. पण आवरून धरायचं म्हणजे मुकं व्हायचं नाही.

रविवारी सकाळी शेजारच्या अक्का आल्या. लिंगायत घर, खालाच्या भिंतीला भिंत. चाळीस वर्षं दोघींनी एका पाट्यावर वाटण वाटलं आहे. अक्का लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेल्या होत्या, त्यांना कळलंच उशिरा. पिशवी हातात तशीच, पायात चपला नाहीत, तरातरा आत आल्या. आम्हाला ओलांडून सरळ खालापुढं जमिनीवर बसल्या. सब्र वगैरे काही म्हणाल्या नाहीत. खालाचे दोन्ही हात धरले आणि विचारलं,

"कसं झालं ग माय? सांग मला. जेवले होते का राती?"

खालानं त्यांच्याकडं पाहिलं. आणि बोलायला लागली. मराठीत.

"जेवले ना. अर्धी भाकर खाल्ली. मंग रातीला पाणी मागितले. म्या दिलं. अर्धा गिलास पिले आन् म्हनले, दिवा बंद कर, डोळ्यावर येतो. म्या बंद केला. मला काय म्हाईत ग अक्का, म्या बंद केला."

मग ती रडली. अक्काही रडल्या. अक्का मधे मधे विचारत होत्या, मग? अंगात ताप होता का? गोळी घेतली होती का? कूस कोणती होती? आम्हाला वाटलं, पुरे आता, कशाला विचारायचं. पण प्रत्येक प्रश्नाला खाला उत्तर देत होती. तीन दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे येत होतो, सांगत होतो आणि उठून बाहेर जात होतो.

पुरसा हा शब्द फारसीतला आहे. पुर्सीदन म्हणजे विचारणं. पुरसा देणं म्हणजे मुळात विचारपूस करणं. आणि विचारपूसमधला जो "पूस" आहे, पुसणे, तो आणि फारसीतला पुर्स हे एकाच फार जुन्या घराण्यातले भाऊ आहेत, भाषेचे जाणकार संस्कृतातल्या प्रच्छ् धातूकडं बोट दाखवतात. मराठीत पुसणे दोन आहेत. एक विचारायचं, एक डोळे पुसायचं. मुळं वेगळी, पण बोलताना एकच शब्द. लेकीच्या दुएलोसारखंच. हे खालूंना सांगायला आवडलं असतं, आणि त्यांनी बहुधा आम्हाला आणखी चार दाखले दिले असते.

खालाला मराठीत का बोलता आलं आणि दखनीत का नाही, यावर आम्ही बराच विचार केला. खालूंशी तर ती दखनीतच बोलायची. आम्हाला वाटतं, चाळीस वर्षं दुःखाचं बोलणं तिनं अक्कांजवळच केलं होतं. पहिलं मूल गेलं तेव्हा, मामूंची नोकरी सुटली तेव्हा. नातेवाइकांपुढं घराची अब्रू असते, शेजारणीपुढं नसते. अर्थात ही आमची कल्पना. दुपारी मात्र ती आमच्याशी दखनीत बोलली. आमची लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, तर तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "नक्को रो बेटी, नक्को रो." आता हा "नक्को" म्हणजे आपला मराठी नको. इथून हैदराबादपर्यंत आणि त्याही पलीकडं दखनी बोलणारे सगळे तो वापरतात. तेवढ्या दुःखातही आमच्या लेकीनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं.

संध्याकाळी वारस नोंदीचं बोलणं निघालं. मृत्यूचा दाखला, आधार कार्डं, तलाठ्याकडं अर्ज. मामूंनी कागद खालापुढं धरला. नावाआधी मयत लिहिलेलं तिनं बोटानं चाचपलं आणि म्हणाली, गुरुजी लिवा की कुठंतरी. मामू म्हणाले, त्याला रकाना नाही. मग पेटीतले उर्दू कागद काढले. आमच्यापैकी कुणालाच ते वाचता येईनात. नांदेडला कुणी वाचून देईल, असं ठरलं आणि ते परत पेटीत गेले.

सोमवारी सकाळी निघालो. खाला इद्दतीत. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, म्हणून ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशीच बसून होती. इद्दत म्हणजे मोजणी, मोजलेले दिवस. अक्का भिंतीपलीकडून दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून घेऊन आल्या होत्या, वाटेत खायला.

दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नसतं. आमच्याकडंही आणि अक्कांच्याकडंही. गुपचूप उठायचं आणि चालायला लागायचं. आम्ही तसे उठलो. लेकीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती चपला घालता घालता नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "येते हं छोटी नानी."

मामी दचकल्या. अक्कांनी ओठांवर पदर धरला. आम्ही लेकीचा हात ओढला.

खाला आतून म्हणाली, "कब आती गे?"

लेकीनं तिथंच, अंगणात उभ्या उभ्या, मोबाइल काढला आणि चांदचे महिने लावून इद्दत कोणत्या तारखेला संपते ते मोजायला लागली. मधेच थांबून म्हणाली, "त्याच्या आधी पण येईन." बस सव्वादहाची होती. आम्ही तिला मोजू दिलं.